अत्याचाराच्या जुन्या जखमांवर उपचार : भद्रावती परिसरात थेरपिस्ट कसा शोधावा

अत्याचार थांबून दहा-वीस वर्षे उलटली तरी त्याचा परिणाम शरीरात आणि मनात चालू राहू शकतो. रात्री झोप न लागणे, मागून कोणी आले की दचकणे, ठरावीक वासाने किंवा आवाजाने छातीत धडधड सुरू होणे, जोडीदाराच्या साध्या स्पर्शानेही अंग आखडणे, एखाद्या नातेवाइकाच्या घरचे कार्य दरवेळी काहीतरी निमित्त काढून टाळणे, ही त्याची नेहमीची रूपे आहेत. काहींच्या बाबतीत उलट घडते. त्यांना काहीच जाणवत नाही, आनंदाच्या प्रसंगीही मन बधिर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, आघातोत्तर तणावासोबत त्याचा गुंतागुंतीचा प्रकारही वेगळा नोंदवला आहे. दीर्घकाळ किंवा पुन्हा पुन्हा झालेल्या अत्याचारानंतर भावना आवरत नाहीत, स्वतःबद्दल घृणा वाटते आणि कोणाशीही जवळीक टिकत नाही, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. म्हणजे ज्याला घरचे लोक ‘हिचा स्वभावच असा’ म्हणतात, त्यातला बराच भाग आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या तालुक्याच्या गावात हा त्रास मनाचा म्हणून डॉक्टरांसमोर क्वचितच येतो. बाई दाखवायला येते ती डोकेदुखी, पोटदुखी, कंबरदुखी किंवा अंगावरून पांढरे जाण्यासाठी. पुरुष येतो तो दारूसाठी, नाहीतर रागासाठी, आणि तोही घरच्यांनी आणला तर. गावाकडे ‘बाहेरचे आहे’ म्हणून आधी पुजारी किंवा मांत्रिक गाठला जातो. पांढरे जाण्याच्या तक्रारीमागे जंतुसंसर्गाइतकाच मानसिक ताण असू शकतो, हे गोव्यात झालेल्या संशोधनातून दिसले आहे. शारीरिक तपासणी करूनच घ्यावी, पण सगळे अहवाल चांगले येऊनही दुखणे वर्षानुवर्षे सरत नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्याचे ते पुरेसे कारण आहे. त्यासाठी ‘वेडेपणा’ यावा लागत नाही.

हा त्रास फक्त स्त्रियांचा आहे असे मानल्यामुळे अनेक पुरुष मदतीपासून दूर राहतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलणे झाले होते. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कमी नव्हती. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीची, विश्वासातली माणसे मोठ्या प्रमाणात होती. मारहाण, सततचा अपमान, उपाशी ठेवणे, कोंडून ठेवणे हेही अत्याचारच आहेत आणि त्यांचे व्रणही तसेच खोल असतात.

विश्वासातल्या माणसाकडून जखम झाली असेल, तर नव्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवणे हेच सर्वांत अवघड काम ठरते. थेरपिस्ट शोधताना ही गोष्ट मुळाशी धरायला हवी. प्रश्न विचारणे, पारखून घेणे, पटले नाही तर उठून जाणे हा उद्धटपणा किंवा वेळ दवडणे नव्हे. अत्याचारात ज्या व्यक्तीचा नकार कधी ऐकला गेला नाही, तिच्यासाठी निवड करणे हा उपचाराचाच पहिला भाग आहे. ज्या ठिकाणी ही निवड नाकारली जाते, तिथे पुढचे उपचार कितीही शास्त्रीय असले तरी उपयोगाचे ठरत नाहीत.

आधी कोण काय करतो हे समजून घ्यावे, कारण पाट्यांवर सगळीच नावे सारखी वाटतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर असतात. ते औषध लिहून देऊ शकतात आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. ते मानसिक चाचण्या आणि बोलण्यातून होणारे उपचार करतात. त्यांच्याकडे एमफिल किंवा त्या तोडीचे रुग्णालयीन प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. मनोविकार सामाजिक कार्यकर्ते रुग्ण, कुटुंब आणि सरकारी यंत्रणा यांच्यातला दुवा सांभाळतात, आणि प्रशिक्षण असेल तर थेरपीही देतात. राहिला ‘समुपदेशक’ किंवा ‘काउन्सेलर’. हे नाव कोणीही लावू शकतो. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षे उत्तम काम करणारे समुपदेशक आहेत आणि दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम करून पाटी लावणारेही आहेत. म्हणून पाटीपेक्षा प्रशिक्षण विचारावे. पदवी नाही म्हणून काम वाईटच असेल असेही नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या, आणि त्याचा चांगला उपयोग झाल्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मात्र त्या कामाला ठरलेली पद्धत होती आणि वर देखरेख होती. अत्याचाराच्या जखमेसाठी तर त्याहून अधिक तयारी लागते.

भद्रावतीत राहणाऱ्या व्यक्तीने पहिली पायरी गावातच चढावी. ग्रामीण रुग्णालयात किंवा वरोऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कोणत्या वारी येते, हे केसपेपरच्या खिडकीवर विचारता येते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पथकाला भेटून सगळी हकिकत तिथेच सांगायची गरज नाही. ‘जुन्या त्रासामुळे झोप नाही, भीती वाटते, मानसतज्ज्ञाकडे बैठका घ्यायच्या आहेत’ एवढे सांगून पुढची चिठ्ठी मागावी.

पुढचे ठिकाण चंद्रपूर. एसटीने तासाभराच्या आत पोहोचता येते. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, शिवाय शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. सरकारी ओपीडीची अडचण वेळेची असते. बाहेर रांग असते आणि डॉक्टरांना एका रुग्णासाठी मोजकी मिनिटे मिळतात. तेवढ्यात अत्याचाराची कहाणी सांगणे शक्य नाही आणि सांगूही नये. ती मिनिटे झोप, घाबरण्याचे झटके आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार यांबद्दल बोलायला वापरावीत, आणि ‘बैठका कोण घेतील, कोणत्या दिवशी’ एवढा प्रश्न नक्की विचारावा. अनेक रुग्ण तो विचारत नाहीत, गोळ्या घेऊन परत येतात आणि उपचार एवढाच असतो असे समजून बसतात.

बैठका घेणारे अनुभवी लोक नागपूर आणि वर्धा परिसरात अधिक मिळतात. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे, आणि ठाणे, येरवडा व रत्नागिरी यांच्यासह राज्यातील चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी ते एक. त्याच्या नावाची लोकांना धास्ती वाटते, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो आणि दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल, मिहानमधील एम्स, आणि सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहेत. भद्रावतीहून, म्हणजे भांदक स्टेशनवरून, सेवाग्राम आणि नागपूर एकाच रेल्वेमार्गावर पडतात. वैद्यकीय महाविद्यालयांत एक फायदा असतो आणि एक तोटा. फायदा असा की मनोविकार, स्त्रीरोग, न्यायवैद्यक असे सगळे विभाग एका आवारात मिळतात. तोटा असा की शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात आणि तीच हकिकत नव्याने सांगावी लागते. म्हणून पहिल्याच भेटीत ‘पुढच्या सर्व बैठका एकाच व्यक्तीकडे ठेवता येतील का’ असे विचारावे. जंगलपट्ट्यातील गावांतून येणाऱ्यांसाठी गडचिरोली जिल्ह्यात चातगावजवळ शोधग्राम येथे ‘सर्च’ संस्थेचे माँ दंतेश्वरी रुग्णालय आहे. आदिवासी माणसाला परके वाटू नये असे ते बांधले आहे, आणि हा आपलेपणा उपचारात मोलाचा असतो.

भाषेचा प्रश्न भद्रावती परिसरात विशेष आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलिच्या खाणींत आणि आयुध निर्माणीत देशभरातून आलेली कुटुंबे आहेत. घरात हिंदी, तेलुगू, बंगाली बोलणारी आहेत, गावांत गोंडी आणि माडिया बोलणारे आहेत. वेदनेबद्दल माणूस ज्या भाषेत लहानपणी रडला त्याच भाषेत नीट बोलू शकतो. थेरपिस्टला ती भाषा येत नसेल आणि दुभाषा लागत असेल, तर तो घरचा किंवा गावचा माणूस नसावा. नवरा, सासू, दीर दुभाषा म्हणून बसले तर खरे बाहेर येत नाही, आणि अत्याचार घरातलाच असेल तर धोका वाढतो.

प्रवास झेपत नसेल तर फोनवरून सुरुवात करता येते. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते. तिथले समुपदेशक ऐकून घेतात, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात आणि जवळच्या सरकारी सेवेची माहिती सांगतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोन-समुपदेशन सेवा २०१२ पासून चालू आहे. व्हिडिओवर नियमित थेरपी देणारे पुण्या-मुंबईचे थेरपिस्टही आता भद्रावतीतून गाठता येतात. ठाण्याची ‘आयपीएच’ ही १९९० पासून काम करणारी संस्था मराठी वाचकांना परिचित आहे. व्हिडिओ बैठकीत अडचण नेटवर्कपेक्षा एकांताची जास्त असते. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दार लावून बोलले तरी पलीकडे ऐकू जाते. घर रिकामे असण्याची वेळ, मैत्रिणीची खोली, गाडीत बसून बोलणे असे पर्याय थेरपिस्टशी आधी ठरवावेत. कोणी अचानक आत आले तर विषय बदलण्याचा एक साधा शब्दही ठरवून ठेवावा. मोबाइल घरात सगळे वापरत असतील तर कॉलची नोंद आणि संदेश पुसून टाकावेत.

समुपदेशन या शब्दाखाली दोन अगदी वेगळी कामे चालतात आणि ती एक समजल्यामुळे पुष्कळ नुकसान होते. पोलिसांच्या महिला कक्षात, भरोसा कक्षात, कौटुंबिक न्यायालयात जे समुपदेशन होते ते वादाचे असते. दोन्ही बाजू ऐकणे, तडजोड होते का पाहणे, कायदेशीर मार्ग समजावणे असे त्याचे स्वरूप असते. त्याची गरज आहेच. पोलीस ठाण्यांतील महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत १९८४ मध्ये सुरू केले आणि ते पीडितेच्या बाजूने उभे राहण्याचे काम म्हणून वाढले. पण जखम भरून काढण्याचे काम ते नव्हे. थेरपीत समोरची बाजू नसते, तडजोड नसते, संसार वाचवण्याचे उद्दिष्ट नसते. ‘दोघांना घेऊन या, समजावतो’ असे कोणी म्हणाले, तर तो चांगला मध्यस्थ असेल, पण थेरपिस्ट म्हणून त्याच्याकडे जाऊ नये. हिंसा झालेल्या नात्यात दोघांना एकत्र बसवून बोलते करणे धोक्याचे असते. तिथे बोललेल्याचा हिशेब घरी गेल्यावर चुकवावा लागतो.

अत्याचार अजून चालू असेल तर क्रम बदलतो. आधी सुरक्षितता, मग जुन्या आठवणी. जीव धोक्यात असेल तर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. २०१५ च्या केंद्रीय योजनेतून चालणारी सखी वन स्टॉप सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय, पोलीस, कायदेशीर मदत आणि तात्पुरता निवारा एका जागी देतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. रोज मार खाणाऱ्या व्यक्तीला बालपणीच्या आठवणी उघडायला लावणारा थेरपिस्ट घाई करतो आहे, असे समजावे.

एखादा थेरपिस्ट या कामासाठी योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची एक कसोटी याच भूमीतल्या एका खटल्यातून मिळते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज म्हणजे वडसा येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या आणि मुलीने आरडाओरडा केला नव्हता, या गोष्टी त्या निकालात तिच्या विरुद्ध गेल्या. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट आले.

न्यायालयांना उमगायला इतकी वर्षे लागली ती गोष्ट मेंदूच्या अभ्यासातूनही समोर आली आहे. तीव्र भीतीत शरीर लढते, पळते किंवा गोठते. गोठणे हा निर्णय नसतो. हात हलत नाहीत, आवाज फुटत नाही, आणि पुढे कित्येक वर्षे ती व्यक्ती स्वतःलाच विचारत राहते की मी ओरडले का नाही, ओरडलो का नाही. चांगला थेरपिस्ट हे गोठणे पहिल्याच बैठकांत समजावून सांगतो. ‘तेव्हाच का सांगितले नाही’, ‘तिथे गेलीसच का’, ‘एवढी वर्षे गप्प का राहिलात’ असे प्रश्न जो विचारतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही, मग त्याच्या भिंतीवर कितीही पदव्या लावलेल्या असोत.

पहिली भेट ठरवण्याआधी फोनवर काही गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरासोबत उत्तर देण्याची रीतही ऐकावी. शिक्षण कुठले, नोंदणी क्रमांक काय, हे विचारल्यावर चांगला तज्ज्ञ रागावत नाही. अत्याचार सोसलेल्या किती लोकांसोबत काम केले यापेक्षा ‘अशा कामासाठी वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, वरिष्ठांचे मार्गदर्शन घेता का’ हा प्रश्न जास्त उपयोगी. कोणती पद्धत वापरता, याचे उत्तर साध्या मराठीत मिळायला हवे. बैठक किती मिनिटांची, फी किती, बैठकीला येता आले नाही तर काय, दोन बैठकांच्या मध्ये त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा, हेही आधीच कळावे. स्त्री थेरपिस्ट हवी की पुरुष, हा रुग्णाचा निर्णय आहे. त्याचे कारण सांगावे लागत नाही. ‘सहा बैठकांत पूर्ण बरे करतो’ अशी हमी देणारा, किंवा उलट ‘याला आयुष्यभर लागेल’ म्हणून घाबरवणारा, दोघेही टाळावेत.

पद्धतींची नावे ऐकून गोंधळ होतो, म्हणून थोडी ओळख असलेली बरी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मधील पुस्तकात मांडलेला तीन टप्प्यांचा क्रम अजूनही अनेक ठिकाणी पाळला जातो : प्रथम सुरक्षितता आणि स्थिरता, मग आठवणींना सामोरे जाणे आणि शोक करणे, आणि शेवटी रोजच्या आयुष्याशी, माणसांशी पुन्हा जोडून घेणे. पहिल्या टप्प्यात श्वास, झोप, जमिनीवर पाय टेकवून आजूबाजूच्या पाच वस्तू मोजण्यासारखे सराव, आणि भीतीचा झटका ओळखणे येते. हा टप्पा कंटाळवाणा वाटू शकतो, पण तो वगळून थेट आठवणी उकरल्या तर रुग्ण अधिक कोसळू शकतो. आठवणींवर काम करण्याच्या पद्धतींपैकी आघातकेंद्री संज्ञानात्मक वर्तन उपचार आणि ईएमडीआर या दोहोंची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. पहिल्या पद्धतीत घटनेशी चिकटलेले ‘चूक माझीच’ असे विचार तपासले जातात आणि टाळलेल्या आठवणींना बेताबेताने सामोरे जाता येते. ईएमडीआर ही फ्रान्सिन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली पद्धत. तिच्यात आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करायला लावतात. तिला वेगळे प्रशिक्षण लागते. संमोहनाने ‘दडलेल्या आठवणी बाहेर काढतो’ असे सांगणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. संमोहनात किंवा सूचक प्रश्नांतून न घडलेली गोष्टही खरी वाटू लागते, आणि त्यातून रुग्णाचे व कुटुंबाचे नवे नुकसान होते.

औषधांची जागा आधाराची आहे. नैराश्य, घाबरण्याचे झटके, सतत सावध राहणे यांवर सर्ट्रालिनसारखी औषधे उपयोगी पडतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मध्येच स्वतःहून थांबवू नयेत. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या व भीतीच्या गोळ्यांनी लगेच बरे वाटते, पण त्यांची सवय लागते. त्या किती दिवसांसाठी आहेत हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. जुनी चिठ्ठी दाखवून औषधांच्या दुकानातून त्या परत परत आणणे हे अत्याचारग्रस्तांत वारंवार दिसणारे आणि टाळता येण्याजोगे नुकसान आहे.

पहिल्या बैठकीत सगळे सांगायचे नसते. नाव, काम, झोप, सध्या घरी कोण आहे, काय जास्त त्रास देते, एवढे पुरते. ‘त्याबद्दल आज बोलायचे नाही’ हे वाक्य म्हणून पाहावे. ते ऐकल्यावर थेरपिस्ट थांबला, तर तो चांगला संकेत. बैठकीनंतर दोन दिवस झोप बिघडणे, स्वप्ने पडणे हे होऊ शकते. आठवडे उलटूनही दर बैठकीनंतर आधीपेक्षा वाईटच वाटत असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि वेग कमी करायला लावावा. साधारण चार-पाच बैठकांनंतर एक गोष्ट तपासावी : इथे आपले ऐकले जाते का. बरे वाटायला वेळ लागेल, पण ऐकले जात आहे की नाही हे लवकर कळते.

काही गोष्टी दिसल्या तर दुसरी संधीही देऊ नये. थेरपिस्टने विनाकारण स्पर्श करणे, बाहेर भेटायला बोलावणे, लैंगिक तपशील गरजेपेक्षा जास्त उकरणे, इतर रुग्णांची नावे सांगणे, अत्याचार करणाऱ्याला माफ करण्याचा किंवा लग्न करून टाकण्याचा आग्रह धरणे, घरच्यांना परस्पर फोन करणे. डॉक्टर असेल तर तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते आणि नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वास परिषदेकडे. दैवी शक्तीच्या नावाखाली लैंगिक शोषण करणाऱ्या बुवांवर राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. देवावरची श्रद्धा आणि उपचार यांत भांडण नाही. विजासनच्या लेण्यांत किंवा भद्रनागाच्या देवळात शांत वाटत असेल तर जरूर जावे, आणि ते थेरपिस्टलाही सांगावे.

गोपनीयतेबद्दल मात्र नेमके माहीत असावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणे, उपचार करणाऱ्या इतर तज्ज्ञांना माहिती लागणे, न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या वेळी त्याला अपवाद होतो. मोठा अपवाद मुलांचा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात १८ वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर, थेरपिस्टवरही, पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. न कळवणे गुन्हा आहे. म्हणून पालकांनी मुलाला थेरपिस्टकडे नेताना पुढे तक्रारीची पायरी येणार हे धरून चालावे आणि मुलासाठी बालकल्याण समितीकडून साहाय्यक व्यक्ती मागावी. आज प्रौढ असलेल्या व्यक्तीने बालपणीच्या अत्याचाराबद्दल सांगितले तर काय करायचे, याबाबत थेरपिस्टांची पद्धत सारखी नसते. ‘मी नाव सांगितले तर तुम्ही कळवाल का’ हा प्रश्न नाव सांगण्याआधी विचारावा. थेरपी घेण्यासाठी पोलिसांत तक्रार केलेली असण्याची अट कुठेही नाही, आणि तक्रार केली म्हणून थेरपी थांबवावीही लागत नाही.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. आर्थिक मदतीबरोबर समुपदेशनाचीही तिच्यात तरतूद आहे. २०१७ च्या सुधारणेनंतर मदत १० लाख रुपयांपर्यंत मिळू शकते आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत हाताळले जातात. चंद्रपूरच्या प्राधिकरणाकडून पात्र व्यक्तीला वकीलही मोफत मिळतो. खासगी थेरपीची फी दर बैठकीला मोजावी लागत असल्याने सुरुवातीलाच महिन्याचे गणित मांडावे. अनेक थेरपिस्ट उत्पन्नानुसार कमी फी घेतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरावे, असे २०१७ चा कायदा सांगतो. मात्र बहुतेक विमा दाखल झाल्यावरच लागू होतो, आठवड्याच्या बैठकांना नाही. वेकोलि किंवा आयुध निर्माणीच्या दवाखान्यातून बाहेरची चिठ्ठी घेताना अत्याचाराचा उल्लेख करण्याची गरज नाही. ‘झोपेची व घाबरण्याची तक्रार, मनोविकार विभागाकडे’ एवढे पुरेसे असते. कॉलनीत बातमी फुटण्याची भीती खरी आहे, आणि ती असेल तर चंद्रपूरऐवजी नागपूर निवडण्यात काहीही गैर नाही.

थेरपिस्ट बदलावा लागला तर मधल्या काळात औषधे बंद पडू देऊ नयेत. जुन्या थेरपिस्टकडून निदान, वापरलेली पद्धत, दिलेली औषधे आणि काय उपयोगी पडले याचा संक्षिप्त अहवाल मागावा. आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा आणि मिळवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. तो अहवाल नव्या ठिकाणी दिला की सगळी हकिकत पहिल्यापासून सांगावी लागत नाही. अत्याचाराचा तपशील त्यात किती असावा हे रुग्णाने सांगावे, आणि एक प्रत घराबाहेर, विश्वासातल्या माणसाकडे ठेवावी.